पाझर

‘पर्कोलेट’ या इंग्रजी क्रियापदाशी आपल्यापैकी पुष्कळांची ओळख कॉफीच्या भांड्यामुळे झालेली असते. लॅटिनमध्ये ‘पर’ म्हणजे आरपार आणि ‘कोलारे’ म्हणजे गाळणे. म्हणून एखाद्या थरातून द्रवाने हळूहळू खाली उतरणे, हा त्याचा अर्थ. त्याचा सोबती ‘फिल्टर’. ज्या लोकरीच्या नमद्यातून पूर्वी द्रव गाळीत, त्या नमद्याच्या नावावरून तो आला. दोन्ही शब्द मोठे घरगुती. परंतु पाण्याचे हे शब्द माणसांना लावले गेले, तेव्हा त्यांनी आपल्या देशातील कोट्यवधी मुलांचे नशीब ठरविले, असे मला वाटते.

२ फेब्रुवारी १८३५ रोजी मेकॉलेने शिक्षणावरील आपले प्रसिद्ध टिपण लिहिले. हाताशी पैसा थोडा, सगळ्या रयतेला शिकविणे अशक्य. तेव्हा आधी एक वर्ग तयार करावा आणि त्याने पुढे ते ज्ञान बहुजनांपर्यंत न्यावे, असा त्याचा हिशेब. त्या वर्गाला त्याने ज्ञानाची वाहने म्हटले होते. पुढे वाहन मागे पडले आणि या धोरणाला पाण्याची उपमा चिकटली : ‘डाउनवर्ड फिल्ट्रेशन’. विद्या वर ओतावी, ती आपोआप खाली झिरपेल!

उपमा बदलली तशी जबाबदारीही सरकली, ही यातली खरी गंमत. वाहन कुणीतरी हाकावे लागते; ते पोचले नाही तर हाकणाऱ्याला जाब विचारता येतो. झिरपणाऱ्या पाण्याचा जाब कुणाला विचारायचा? पाणी उतरले नाही, तर दोष जमिनीचा!

जमिनीचे म्हणाल, तर दख्खनच्या शेतकऱ्याला हे चांगले ठाऊक आहे. मुरुमातून पाणी उतरते, पण खाली अभंग काळा पाषाण लागला की ते तिथेच अडते. १९७२ च्या दुष्काळात आपल्याकडे गावोगाव पाझर तलावांची कामे निघाली. ‘पर्कोलेशन टँक’ला मराठीने दिलेले हे नाव किती नेमके आहे! पण तेथेही आधी पाणी मुरेल अशी जागा पाहावी लागते, आणि हजारो हातांनी माती वाहून बांध घालावा लागतो. आपोआप काही होत नाही.

समाजातला पाषाण जातीचा होता. तो ज्योतिराव फुल्यांनी ओळखला. १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढून त्यांनी आणि सावित्रीबाईंनी थेट खालच्या थरापासूनच आरंभ केला. १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन देताना त्यांचा रोख याच धोरणावर होता. सरकारचा महसूल येतो रयतेच्या घामातून, आणि तो खर्च होतो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर; या शिकलेल्यांनी बहुजनांसाठी काय केले, असा त्यांचा रोकडा सवाल होता.

पुढे सयाजीराव गायकवाडांनी १८९३ साली अमरेली भागात आणि १९०६ साली सगळ्या बडोदे संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. १९११ साली गोपाळ कृष्ण गोखल्यांनी सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक मांडले. १९१२ साली ते १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले, आणि विरोधकांत काही हिंदी सभासदही होते. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ साली सक्तीचे मोफत शिक्षण सुरू केले. देशपातळीवर मुलांच्या शिक्षणहक्काचा कायदा लागू व्हायला मात्र १ एप्रिल २०१० उजाडावा लागला. मेकॉलेच्या टिपणाला तोवर पाऊणेदोनशे वर्षे होऊन गेली होती.

आपली मराठी मनालाही पाझर फोडते. दगडालासुद्धा पाझर फुटेल, असे आपण सहज म्हणून जातो. इंग्रजी क्रियापदाला ही माया नाही. फुल्यांना ही भाषा अर्थातच येत होती. पण दगडाला पाझर फुटण्याची वाट पाहत ते बसले नाहीत. किमान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, अशी त्यांनी आयोगाकडे स्पष्ट मागणी केली.