दारे धरणाऱ्याची बॅटरी

शिरूर आणि दौंड तालुक्यांत ‘बॅटरी’ म्हणजे हातात धरायचा विजेचा दिवा, आणि तिच्यात घालायचे ते ‘सेल’. शब्दकोशात तिला विजेरी म्हणतात, जुनी माणसे चोरबत्ती म्हणत आणि दुकानाच्या पाटीवर टॉर्च असे लिहिलेले असते. रानात निघताना मात्र मागितली जाते ती बॅटरीच. पुणे–अहिल्यानगर रस्त्याला चाकणचा रस्ता मिळतो त्या शिक्रापूरच्या चौकात कारखाने, ढाबे आणि कंटेनरच्या रांगांमुळे आता रात्र फारशी काळी होत नाही. चौक सोडून वेळ नदीच्या काठाने किंवा पाबळच्या अंगाने आत गेले की वस्त्या विखुरलेल्या, वाटा उसाच्या कडेने जाणाऱ्या आणि विहिरी घरापासून लांब. त्यामुळे जुनी, लांब फेकीची बॅटरी अजून घेण्याजोगी आहे का, हा प्रश्न इथे रोजच्या कामाचा आहे.

बॅटरीच्या आधी रानात कंदील होता. कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीत ओगले बंधूंनी १९१६ मध्ये काच कारखाना काढला आणि तिथला ‘प्रभाकर’ कंदील महाराष्ट्रभर घरोघरी पोचला. लग्न, तमाशा आणि जत्रेसाठी गॅसबत्ती असे. ती रॉकेलवर चालणारी. हवा भरून तेलाची वाफ करायची आणि त्या ज्योतीने जाळीचा मेंटल तापवून पांढरा उजेड पाडायचा, अशी तिची रीत. राखणीला आणि पाणी द्यायला दोन्ही अपुरे पडत. कंदिलाचा उजेड चहूकडे पसरतो, म्हणजे धरणाऱ्याच्या डोळ्यांतही जातो आणि दहा-पंधरा पावलांपलीकडचे काहीच दाखवत नाही. गॅसबत्ती प्रखर खरी, पण जड. तिचा मेंटल जळून नुसती राख उरलेली असते आणि तो जरा धक्क्याने गळतो.

उजेड एका दिशेला पाठवण्याची सोय कोरड्या सेलमुळे झाली. अमेरिकेत १८९९ मध्ये डेव्हिड मिसेल याला नळीच्या आकाराच्या हातदिव्याचे पेटंट मिळाले आणि कॉनराड ह्यूबर्टच्या कंपनीने तो बाजारात आणला. पहिले सेल इतके दुबळे होते, की दिवा क्षणभर पेटवून विझवावा लागे. इंग्रजीतले ‘फ्लॅशलाइट’ हे नाव त्या लुकलुकण्यावरून पडले. कार्बनच्या तारेऐवजी टंगस्टनची तार आल्यावर उजेड टिकू लागला. भारतात एव्हरेडीचे सेल विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आयात होऊन आले. पुढे ते कोलकात्यात बनू लागले आणि १९५८ मध्ये लखनौला टॉर्चचा कारखाना निघाला. अलाहाबादची जीप कंपनीही याच धंद्यातली. एव्हरेडी ज्या कंपनीची होती तिचे नाव १९५९ मध्ये युनियन कार्बाइड इंडिया झाले. १९८४ च्या भोपाळ दुर्घटनेतली कंपनी ती हीच.

त्या काळातली तीन सेलची पितळी किंवा पत्र्याची बॅटरी उघडून पाहिली, तर तिच्यात बिघडण्यासारखे फार थोडे सापडते. पुढे काच, तिच्यामागे चकचकीत वाटीसारखा आरसा, आरशाच्या मध्यभागी बल्ब, अंगावर खटका आणि मागच्या झाकणात स्प्रिंग. दीड व्होल्टचे तीन सेल एकामागे एक बसले, की साडेचार व्होल्ट होतात. बल्ब जेमतेम दोन वॉटचा आणि त्याचा एकूण उजेड वीस ल्यूमेनच्या आसपास. एवढ्याशा उजेडावर समोरचा बांध दिसे, याचे श्रेय आरशाला आणि बल्बची तार त्याच्या नाभीवर नेमकी बसण्याला.

खरा दोष सेलचा. साध्या सेलचे जस्ताचे भांडे हाच त्याचा ऋण ध्रुव असतो. वीज देता देता ते झिजते, भोक पडते आणि आतला मसाला झिरपून स्प्रिंग गंजवतो. उतरलेले सेल उन्हात ठेवून पुन्हा घालण्याची सवय घरोघर होती. उष्णतेने आतली रासायनिक क्रिया थोडी वेग घेते, म्हणून अशा सेलवर बल्ब काही वेळ पेटेही. मात्र संपलेला मसाला परत येत नाही. पावसाळाभर सेल आत राहिलेली बॅटरी दिवाळीला उघडावी, तर सेल अंगालाच चिकटलेले असत.

बॅटरीची गरज विजेने कमी व्हायला हवी होती; शेतीत ती वाढली. महाराष्ट्र राज्य वीज मंडळ १९६० मध्ये स्थापन झाले. पुढच्या दशकांत विहिरींवर मोटारी बसल्या आणि चासकमान व घोड धरणांच्या कालव्यांनी शिरूर तालुक्याच्या मोठ्या भागात ऊस उभा केला. पण कृषिपंपांची लाईट पाळीने येते : काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीच्या पाळीला मोटार चालू करून दारे धरावी लागतात, म्हणजे एक सरी भरली की फावड्याने तिचे तोंड बुजवून पाणी पुढच्या सरीत वळवायचे. हे काम दोन्ही हातांचे आहे. बॅटरी मग काखेत, दातांत नाहीतर बांधावर ठेवलेली. इथे लांबचा झोत कामाचा नसतो. पायाखाली पसरणारा, रात्रभर टिकणारा उजेड लागतो.

दुसरी गरज उसातून आली. वर्ष-दीड वर्ष उभ्या राहणाऱ्या पिकात बिबट्याला आडोसा आणि पाणी मिळते. पिल्लेही तिथेच होतात. शिरूर, आंबेगाव, जुन्नर आणि खेड हे तालुके वन खात्याच्या जुन्नर विभागात येतात. शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड परिसरात ऑक्टोबर–नोव्हेंबर २०२५ मध्ये बिबट्याच्या हल्ल्यांत तिघांचा जीव गेला आणि शेतीला दिवसाच वीज द्या ही जुनी मागणी पुन्हा जोरात पुढे आली. रात्री बाहेर पडताना बॅटरी आणि काठी जवळ ठेवा, शक्यतो एकट्याने जाऊ नका, असे वन खाते सांगते. बिबट्याच्या डोळ्यांत पडद्यामागे उजेड परतवणारा थर असतो. झोत त्याच्या दिशेने गेला, तर अंग दिसण्याआधी दोन ठिपके चमकतात. त्यासाठी मात्र उजेड लांब पोचावा लागतो.

सेलचा खर्च टाळण्यासाठी चार्जिंगच्या बॅटऱ्या आल्या. त्यांच्यात बहुधा शिसे-आम्लाचा चार व्होल्टचा बंद डबा असे. तो उतरलेला तसाच महिनाभर पडला, की त्याच्या पट्ट्यांवर गंधकाचे क्षार घट्ट बसतात आणि चार्ज धरणे बंद होते. २००३ मध्ये नोकियाचा ११०० हा फोन टॉर्चसह आला आणि घरातल्या घरात लागणारी छोटी बॅटरी मागे पडली. रानातली टिकली, कारण तिला एलईडी मिळाला. जपानमध्ये शूजी नाकामुरा यांनी १९९३ मध्ये प्रखर निळा एलईडी बनवला आणि त्यावरून तीन वर्षांत पांढरा एलईडी निघाला. तारेचा छोटा बल्ब वॉटमागे दहा-बारा ल्यूमेन देई, आजचा चांगला एलईडी शंभराच्या पुढे देतो. बरोबरीने १९९१ पासून बाजारात असलेला लिथियम-आयन सेलही बॅटरीत आला. त्याचा ‘१८६५०’ हा आकडा म्हणजे व्यास १८ आणि लांबी ६५ मिलिमीटर.

जुनी जोरदार बॅटरी पारखताना दोन मापे वेगळी ठेवावी लागतात. एकूण उजेड ल्यूमेनमध्ये मोजतात, झोताच्या मध्याची तीव्रता कँडेलामध्ये. २००९ पासून रूढ असलेल्या अमेरिकी मानकात बॅटरीचा पल्ला म्हणजे जिथे पाव लक्स, साधारण पौर्णिमेच्या चांदण्याइतका, उजेड उरतो ते अंतर. कँडेलाच्या वर्गमुळाची दुप्पट केली की तो मीटरमध्ये मिळतो : १०,००० कँडेलाला २०० मीटर, ४०,००० ला ४००. म्हणजे पल्ला दुप्पट करायला तीव्रता चौपट हवी. खोल, मोठ्या आरशाची पंधरा वर्षांपूर्वीची एलईडी बॅटरी ल्यूमेनमध्ये नव्या खिशातल्या बॅटरीच्या निम्म्याने असली, तरी उसाच्या पलीकडच्या टोकाला तिचा झोत जास्त लख्ख पडू शकतो. दारे धरायला मात्र नवी, डोक्याला बांधायची हलकी बॅटरी सरस, कारण ती हात मोकळे ठेवते.

उरते ते तिला काय खायला घालायचे हे. १८६५० सेल बाहेर काढता येत असेल, तर जुना गेला तरी नवा बसतो; अशी बॅटरी एलईडी आणि आरसा चांगला असेपर्यंत चालते. कंपनीचाच खास पॅक लागणारी किंवा सेल आत डकवलेली बॅटरी त्या सेलबरोबर म्हातारी होते, कारण लिथियम सेल न वापरताही वर्षागणिक क्षमता गमावतो. नवा सेल घेताना वेष्टनावरच्या ९,९०० एमएएचवर विश्वास ठेवू नये. या आकाराच्या चांगल्या सेलची क्षमता ३,५०० च्या आसपास असते. तारेच्या बल्बची पितळी बॅटरी कपाटात शोभते, पण कामासाठी ती तेव्हाच घ्यावी जेव्हा तिच्या खोबणीत बसणारा एलईडी बल्ब मिळतो आणि तो आरशाच्या नाभीवर बरोबर येतो. विकत घेण्याआधी मागचे झाकण उघडून स्प्रिंगवरचा हिरवा-पांढरा गंज, आरशावरचे डाग आणि खटक्याची पकड पाहावी, आणि झोत दिवसा भिंतीवर न पाहता रात्री उघड्या रानात टाकून पाहावा.