तळटीप : ‘आलियाचा गेम’

कांजूरमार्गच्या खोलीत धाकटी आईच्या मोबाइलवर खेळते तो ‘आलिया भट : स्टार लाइफ’, बंगळुरूच्या मूनफ्रॉग लॅब्सने २०१७ मध्ये आणलेला. नवखी मुलगी सिनेसृष्टीत नाव कमावते, एवढीच गोष्ट. साचा आधीचाच, ग्लू मोबाइलच्या ‘किम कार्दाशियन : हॉलिवूड’चा (२०१४). या साच्याचे खेळ फुकट मिळतात, पण पडद्यावरच्या प्रत्येक कामाला ‘एनर्जी’ लागते. ती संपली की ताटकळत बसायचं, नाहीतर पैसे मोजायचे. धाकटी पुन्हापुन्हा घड्याळ बघते ते म्हणूनच. तिला हट्टी म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. आवडत्या नटीचा चेहरा पुढे करून शाळकरी पोरींचा धीर सुटायची वाट बघणं, हा मोठ्यांनी विचारपूर्वक मांडलेला धंदा आहे.
— संपादक