पत्रा, हातोडा आणि यंत्रमानव

वहीचा कागद नळीभोवती गुंडाळला तर नीट बसतो. चेंडूवर बसवू गेलो तर चुण्या पडतात, नाहीतर तो फाटतो. याचे कारण जर्मन गणितज्ञ गाउस याने १८२७ साली सिद्ध केले. ताणल्याशिवाय किंवा दाबल्याशिवाय सपाट पृष्ठभागाला चेंडूची वक्रता देता येत नाही. इमारतीवर पत्र्याचे आवरण चढवणाऱ्या प्रत्येकाला या नियमाशी झुंजावे लागले आहे.

कागद ताणत नाही, धातू ताणतो. पुण्याच्या तांबट आळीत हंडा मठारताना प्रत्येक ठोक्यागणिक तांबे थोडे पसरते आणि अधिक कठीणही होते. न्यूयॉर्कचा स्वातंत्र्यदेवीचा पुतळा (१८८६) याच तत्त्वावर घडला. शिल्पकार बार्थोल्दी याच्या पॅरिसमधल्या कारागिरांनी प्लास्टरच्या पूर्णाकृती भागांवरून लाकडी साचे केले व त्यांवर सुमारे २.४ मिलिमीटर जाडीचा तांब्याचा पत्रा ठोकून बसवला. ४६ मीटर उंचीचे हे कवच आतल्या लोखंडी सांगाड्याने पेलले आहे. तो सांगाडा आयफेलचा.

अडचण साच्याची होती. मोटारीच्या कारखान्यात एका साच्यातून हजारो दारे निघतात, म्हणून साचा परवडतो. वक्र इमारतीचा मात्र प्रत्येक तुकडा निराळा. त्यामुळे वास्तुतज्ज्ञ एकाच दिशेने वाकणारे पत्रे पसंत करीत. स्पेनमधील बिल्बाओच्या संग्रहालयावर (१९९७) अवघ्या ०.३८ मिलिमीटर जाडीचे टायटॅनियमचे पत्रे माशाच्या खवल्यांसारखे बसवले आहेत.

साच्याला पर्याय सुचला होता तो आधीच. १९६७ साली अमेरिकेत एडवर्ड लेझाक याला एक पेटंट मिळाले. पत्रा कडांनी घट्ट धरायचा आणि गोल टोकाच्या साधनाने थोडाथोडा दाबत न्यायचा, ही त्यातली कल्पना. मोटारीच्या कारखान्यात १९६१ पासून राबणारा यंत्रमानवाचा हात पुढे हे साधन पेलू लागला. आकार साच्याऐवजी संगणकातल्या आकड्यांत राहू लागला. कोपनहेगनच्या वास्तुकला अकादमीतील संशोधकांनी २०१५ व २०१६ मध्ये अशा पत्र्यांच्या रचना उभारल्या. त्यांतली एक होती छोटा पूल. पत्र्यावर उठवलेल्या उंचवट्यांनीच त्याला ताठपणा दिला.

मर्यादाही आहेत. पत्रा आडव्या पातळीशी जितका कोन करील, त्या कोनाच्या कोसाइनच्या प्रमाणात त्याची जाडी अंदाजे उरते. ६० अंशांना निम्मीच! शिवाय दाब काढताच धातू थोडा मागे फिरतो. तांबट हे हाताने आणि कानाने ओळखतो. यंत्राला ते मोजून शिकवावे लागते.

वर्गात हे पडताळता येईल. जेवणाच्या ॲल्युमिनियमच्या पातळ डब्याचा तळ कापून, कडा दाबून धरून, पेनच्या बोथट टोकाने वर्तुळे काढत खोल जावे. पत्रा कोठे फाटतो, हे विद्यार्थ्यांना आधी कोसाइनवरून सांगू द्यावे.