वाटाण्याच्या पाण्यातून आलेली तपासणी

दुर्बिणीतून पित्ताशय काढलं, टाके सुकले, पेशंट कामालाही लागला. महिन्याभराने बेंबीजवळच्या छिद्राशी गाठ येते, फुटते, आणि पाणी येत राहतं. पुवाच्या साध्या कल्चरमध्ये काही उगवत नाही. तुकडा तपासला तर टीबीसारखं दिसतं, म्हणून टीबीची औषधं (एकेटी) सुरू होतात, पण जखम हटत नाही. कोल्हापूर असो की मुंबई, अशा प्रकरणात गुन्हेगार पुष्कळदा मायकोबॅक्टेरियम अबसेसस, केलोनी किंवा फॉर्च्युइटम निघतो. टीबीच्या जंतूचे हे भाऊबंद पाण्यात नि मातीत राहतात. निर्जंतुक केलेली दुर्बीण शेवटी नळाच्या पाण्याने विसळली, की त्यांना आत शिरायला वाट मिळते. सात दिवसांच्या आत कॉलनी दिसते म्हणून यांना जलद वाढणारे म्हणायचं. टीबीच्या मानाने जलद, एवढंच.

यांच्यावर कोणतं औषध चालेल, हे ठरवणाऱ्या तपासणीचं कूळ शोधायला मी टीबीच्या घरापासून निघालो आणि पोचलो ते थेट वाटाण्यापाशी.

फ्लेमिंग, पेनिसिलिन, स्ट्रेप्टोमायसिन हा रस्ता सगळ्यांच्या पायाखालचा आहे, तो सोडू. आपली वाट 1916 ची. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश छावण्यांत मेंदूज्वर पसरला होता. त्याचा जंतू मोठा नाजूक, प्रयोगशाळेत लवकर मरायचा. गॉर्डन आणि हाइन यांनी त्याच्यासाठी वाटाण्याचा अर्क घातलेलं आगर बनवलं. पुढे 1941 मध्ये हार्वर्डच्या जॉन हॉवर्ड म्युलर आणि जेन हिंटन यांनी मेंदूज्वर आणि परमा या दोन्हींच्या जंतूंसाठी हीच पाककृती हाती घेतली. वाटाण्यातलं कामाचं काय, तर स्टार्च! मग वाटाणा काढला, स्टार्च ठेवला. सोबत मांसाचा अर्क आणि केसिनचं विघटित रूप. गंमत अशी, की स्टार्च इथे मुख्यतः जंतूचं पोट भरायला नसतो. माध्यमात जी विषारी द्रव्यं असतात ती तो धरून ठेवतो.

जेन हिंटन तेव्हा जेमतेम बावीस वर्षांच्या होत्या. वडील विल्यम हिंटन हे सिफिलिसच्या रक्ततपासणीसाठी नावाजलेले, हार्वर्डचे पहिले कृष्णवर्णीय प्राध्यापक. जेन पुढे पशुवैद्य झाल्या, गाईगुरांकडे वळल्या. म्युलर-हिंटन हे नाव मात्र जगभरच्या प्रयोगशाळांत रोज डब्यांवर वाचलं जातं. परम्यासाठी बनवलेलं हे माध्यम औषध-तपासणीच्या 1966 मधल्या कर्बी-बावर चकती-पद्धतीत मुक्कामाला आलं आणि तिथेच घर करून बसलं.

टीबीवाले म्हणतील, मायकोबॅक्टेरियाची औषध-तपासणी आमची: कानेटी, रिस्ट आणि ग्रोसे यांची 1963 ची प्रमाण-पद्धत. मला हे पटत नाही. तिथे अंड्याचं लोवेनस्टीन-जेन्सन माध्यम, आठवड्यांची वाट, आणि प्रश्न असा, की औषध असताना शेकडा किती जंतू तग धरतात? इथे, जलद वाढणाऱ्यांसाठी, म्युलर-हिंटन ब्रॉथ, त्यात मोजून कॅल्शियम नि मॅग्नेशियम, 96 खळग्यांची प्लेट, आणि प्रत्येक पुढच्या खळग्यात औषध निम्मं: 64, 32, 16, 8. वाढ थांबवणारी सर्वांत कमी मात्रा शोधायची. 1982 मध्ये अमेरिकेच्या सीडीसीतल्या स्वेन्सन, थॉर्न्सबेरी आणि सिल्कॉक्स यांनी याच रीतीने 34 औषधं तपासली. नाव टीबीच्या घराण्याचं, तपासणी परक्या घरची. कागलच्या घाटग्यांचे यशवंतराव 1884 साली दत्तक येऊन शाहू महाराज झाले, त्या कोल्हापुरात दत्तकाचं नवल कुणाला वाटावं!

आता माझा एक लाडका तर्क. ही प्लेट शरीराच्या 37 अंशांवर न ठेवता 30 च्या आसपास ठेवतात. का? माझा संशय कासवावर आहे. फ्रीड्रिख फ्रान्झ फ्रीडमान यांना 1903 मध्ये बर्लिनच्या मत्स्यालयातल्या समुद्री कासवांत जो जंतू सापडला, तोच केलोनी. त्याचीच टीबीवर लस म्हणून जाहिरात करत ते 1913 मध्ये न्यूयॉर्कला गेले. सरकारी तपासणीत ती लस टिकली नाही. थंड रक्ताच्या प्राण्यातल्या या जंतूला 30 अंशच मानवतात, 37 वर तो अडखळतो. कुणी म्हणेल, इमिपेनेमसारखी औषधं उष्णतेत लवकर विरतात म्हणून तापमान कमी. विरतात खरी, पण 30 वरही तीन दिवसांत ती बरीच विरतातच. माझ्या मते घरातल्या एका शीतप्रिय भावासाठी सगळ्यांचं तापमान उतरवलं गेलं.

वाचन तिसऱ्या ते पाचव्या दिवशी. खळग्याच्या तळाशी पांढरं बटन दिसलं, तर औषध हरलं. को-ट्रायमॉक्साझोलला मात्र पुसट धूसरपणा माफ असतो. 80 टक्के वाढ दबली की पुरे. आणि क्लॅरिथ्रोमायसिनची तऱ्हाच वेगळी. अबसेससच्या बऱ्याच वाणांत अर्म-41 हे जनुक असतं. नॅश, ब्राउन-एलियट आणि वॉलेस यांनी 2009 मध्ये ते दाखवून दिलं. औषध समोर आल्यावर ते हळूहळू जागं होतं. तिसऱ्या दिवशी नितळ दिसलेला खळगा चौदाव्या दिवशी गढूळ झालेला असतो. म्हणून रिपोर्ट चौथ्या दिवशीच हाती आला आणि त्यात क्लॅरिथ्रोमायसिन चालतं असं लिहिलेलं असलं, तर चौदा दिवसांचं वाचन व्हायचं आहे का, हे प्रयोगशाळेला फोन करून विचारावं.