रिकाम्या आसनाशेजारची अक्षरे

भारहुतच्या स्तूपाच्या कठड्यावर बुद्ध माणसाच्या रूपात कुठेच नाही. आसन, छत्र, पावलांचे ठसे, चक्र, पिंपळ एवढेच दिसते, आणि ही सगळी बुद्धाची 'प्रतीके' असे म्हणून आपण पुढे सरकतो. पण ख्रिस्तपूर्व दुसऱ्या-पहिल्या शतकातल्या या शिल्पांवर ब्राह्मीत मथळे कोरले आहेत, आणि त्यांत प्रतीक हा शब्द नाही.

मगधाचा राजा अजातशत्रू याच्या शिल्पात हत्तींवरून स्त्रिया आल्या आहेत आणि राजा रिकाम्या आसनापुढे गुडघे टेकून बसला आहे. मथळा मुळात तीनच शब्दांचा: अजातशत्रू भगवंताला वंदन करतो. आसनाला नव्हे, भगवंताला, तेही वर्तमानकाळात. उलट पिंपळाच्या शिल्पावर 'भगवंत शाक्यमुनीचा बोधी', म्हणजे बोधिवृक्ष, असे आहे. तिथे झाड हे झाडच आहे. शिवाय त्याच्याभोवती खांबांची वास्तू बांधलेली दिसते. ज्ञानप्राप्तीच्या रात्री ती कुठून असणार?

ही चित्रे तीर्थस्थानांची आणि तिथल्या पूजेची, असे कलेतिहासकार सुसान हंटिंग्टन यांनी 1990 मध्ये मांडले. त्याआधी फ्रेंच अभ्यासक फूशे यांच्या मतानुसार या खुणा बुद्धाच्या जागी आल्या असे मानले जाई. मथळे वाचले तर पिंपळापाशी हंटिंग्टन यांचे पटते, अजातशत्रूपाशी फूशे यांचे. सगळ्या कठड्याला एकच नियम लावायचा हट्ट आपला आहे.

बुद्धाला दान मिळालेल्या जेतवन या उपवनाचे शिल्प तर आणखी कोड्यात टाकते. बैल सोडलेली गाडी, जमिनीवर चौकोनी नाणी मांडणारी माणसे, मध्ये झारी घेतलेला दाता, व्यापारी अनाथपिंडक. कोटी नाणी पसरून विकत घेतलेले जेतवन तो देतो, असे मथळा सांगतो. तिथल्या दोन कुट्यांनाही नावे आहेत. दानाचे पाणी कोणाच्या हातावर पडणार, ते मात्र ना चित्रात ना अक्षरांत.

पुरातत्त्वज्ञ कनिंगहॅम यांना हा स्तूप 1873 मध्ये सापडला. बरेच दगड आज कोलकात्याच्या संग्रहालयात आहेत. जर्मन अभ्यासक ल्यूडर्स यांनी केलेली इथल्या लेखांची वाचने वाल्डश्मिट आणि आपले म. अ. मेहेंदळे यांनी संपादित केली. तो खंड 1963 मध्ये आला. त्यात दात्यांचेही लेख आहेत. त्यांची भाषा साधी: उभा दगड 'थभो', आडवा 'सुचि', म्हणजे खांबांतून ओवलेली सुईच. कऱ्हाडच्या निगमाचे दान आहे. नाशिकच्या गोरक्षितेने, वसुकाच्या बायकोने, एक खांब दिला.