केरिओ खोऱ्यातील धावमार्ग

केरिओ खोरे हे केनियाच्या पश्चिम भागातील नदीखोरे असून ते पूर्व आफ्रिकेच्या महाखचदरीचा भाग आहे. एल्गेयो कडा आणि तुगेन टेकड्या यांच्यामधून केरिओ नदी उत्तरेस तुर्काना सरोवराकडे वाहते. कड्याच्या माथ्यावर, समुद्रसपाटीपासून सुमारे २,४०० मीटर उंचीवर, धावपटूंचे गाव म्हणून प्रसिद्ध असलेले इटेन वसले आहे.

मार्ग

येथील बहुतेक धावमार्ग म्हणजे शेते व वस्त्या जोडणारे तांबड्या मातीचे कच्चे रस्ते होत. खोऱ्याकडून न्यारूपर्यंत चढणारा ‘फ्लोरस्पार’ मार्ग सुमारे २१ किलोमीटर लांबीचा असून त्यास जवळजवळ सलग चढ आहे. किमवारेर येथील फ्लोरस्पार खाणीवरून त्याचे नाव पडले. तळाकडील उष्ण, काटेरी झुडपांचा प्रदेश मागे टाकून धावपटू माथ्यावरील थंड व विरळ हवेत पोहोचतो.

प्रशिक्षण

आयरिश धर्मबंधू कॉल्म ओकॉनेल १९७६ मध्ये इटेनच्या सेंट पॅट्रिक्स शाळेत शिक्षक म्हणून आले व पुढे प्रशिक्षक झाले. त्यांचा शिष्य डेव्हिड रुडिशा याने २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ८०० मीटर शर्यत १ मिनिट ४०.९१ सेकंदांच्या विश्वविक्रमी वेळेत जिंकली.

रस्त्यांचा प्रश्न

मातीच्या रस्त्यावर पायांना हादरे कमी बसतात. पावसात मात्र तेथे चिखल होतो. डांबरीकरणामुळे शेतमालाची वाहतूक व दळणवळण सुलभ होते, परंतु सरावाचे मऊ मार्ग घटतात. हे रस्ते मुळात गावांचे असल्याने दोन्ही गरजांचा मेळ घालावा लागतो.