लॉ लॉर्ड

ब्रिटनच्या हाऊस ऑफ लॉर्ड्समध्ये २००९ पर्यंत अपिले ऐकणारे न्यायाधीश. १८७६ च्या कायद्याने ही पगारी पदे निर्माण झाली आणि नेमलेल्या न्यायाधीशाला तहहयात उमरावपद मिळू लागले. १९४८ पासून सुनावणी सभागृहात नव्हे, समितीच्या खोलीत होई. वकील विग आणि झग्यात, तर न्यायाधीश साध्या सुटात बसत. निकाल मात्र सभागृहात दिला जाई आणि तो मतास टाकला जाई. बिगर-न्यायाधीश उमरावांनी अशा मतदानात भाग घ्यायचा नाही, हा संकेत १८४४ च्या ओ'कॉनेल प्रकरणापासून पक्का झाला होता.

या न्यायाधीशांचा दबदबा संसदेतील आसनामुळे होता, असे मानले जाते. ते पटत नाही. प्रत्येकाने आपल्या नावाने कारणे लिहायची, ही खरी ताकद होती. १९४१ च्या लिव्हरसिज खटल्यात, युद्धकाळात विनाचौकशी स्थानबद्ध करणाऱ्या गृहमंत्र्याला कारणे विचारता येणार नाहीत, असे चौघांनी ठरवले. एकट्या लॉर्ड ॲटकिन यांनी विरोध केला. त्या दिवशी ते हरले. पण बहुमताची चूक पुढे १९७९ मध्ये याच सभागृहाच्या न्यायाधीशांनी मान्य केली. लॉ लॉर्ड संसदेबाहेरही न्याय देत: लोकमान्य टिळकांनी दत्तकविधानाच्या ताईमहाराज प्रकरणातील दिवाणी दावा १९१५ मध्ये, साम्राज्यातील अपिले ऐकणाऱ्या प्रिव्ही कौन्सिलमध्ये जिंकला. निकाल सांगणारे लॉर्ड शॉ हे लॉ लॉर्डच होते. साक्षीदाराला खोटे ठरवण्याआधी विरोधी कागद त्याच्यासमोर ठेवा, हा त्यांचा आग्रह साम्राज्याच्या राजकारणापलीकडचा होता.

निवडून न आलेल्यांनी सरकारला का अडवावे, हा आक्षेप रास्त आहे. मात्र २००४ मध्ये, परदेशी संशयितांना खटल्याविना बेलमार्श तुरुंगात ठेवण्याची तरतूद नऊपैकी आठ न्यायाधीशांनी मानवी हक्कांशी विसंगत ठरवली, तेव्हाही कायदा रद्द झाला नाही. रद्द करण्याचा अधिकार त्यांना नव्हताच. २००५ मध्ये संसदेनेच पर्याय आणला. कायदे घडवण्याचा अनुभव न्यायाधीशांना उपयोगी पडे, असेही म्हणतात. पण ज्या कायद्यावर सभागृहात बोललो त्याचाच अर्थ पुढे न्यायासनावरून लावणे पक्षकाराला निःपक्ष कसे वाटावे? २००५ च्याच दुसऱ्या एका कायद्याने ही गुंतागुंत सोडवली. लॉ लॉर्डांच्या जागी १ ऑक्टोबर २००९ पासून १२ न्यायाधीशांचे सर्वोच्च न्यायालय लंडनच्या मिडलसेक्स गिल्डहॉलमध्ये बसते. भिन्नमत तिथेही स्वतंत्रपणे लिहिले जाते.